नाजूक बोटांची किंमत

(निर्यात कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरून बोलायची मला सवय नाही. मी बोलते ती जेवणाच्या सुट्टीत, डबा खाता खाता, नाहीतर गेटबाहेर उभी राहून. पण संघटनेतल्या मैत्रिणी म्हणाल्या, तू वाचतेस ते आम्हालाही सांग. म्हणून आज दोन दूरच्या मुलखांतल्या बायकांबद्दल बोलणार आहे. एक अमेरिकेतल्या नवाहो आदिवासी, दुसऱ्या मलेशियातल्या. दोन्ही मुलूख मी डोळ्यांनी पाहिलेले नाहीत, वाचलेलं सांगते आहे. पण वाचताना पानोपानी वाटत होतं, अरे, हे तर आपलंच!

आधी थोडं माझं सांगते. १९८० च्या सुमारास, एकोणिसाव्या वर्षी, मी मुंबईतल्या एका निर्यातीच्या कारखान्यात लागले. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून केसाहून बारीक तारा जोडायच्या. मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं, "भरतकाम, विणकाम येतं का?" मी म्हटलं, येतं, आईनं शिकवलंय. साहेब खूष झाले. पुढे आम्ही चौघीजणी पगारवाढ मागायला गेलो, तेव्हा तेच साहेब म्हणाले, "यात कसलं आलंय कौशल्य? बायकांना हे जन्मतःच येतं." म्हणजे कामावर घेताना जो गुण, पगार देताना त्याची किंमत शून्य! हा हिशोब मला कित्येक वर्षं उलगडला नव्हता. तो उलगडला नवाहो बायकांविषयी वाचताना.

नवाहो स्वतःला 'दिने' म्हणवतात. अमेरिकेच्या ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि यूटा या तीन राज्यांत त्यांची भूमी पसरली आहे. केरळच्या पावणेदोन पट मोठी, पण कोरडी. जमातीच्या नोंदणीत सुमारे चार लाख माणसं आहेत. १८६४ साली अमेरिकी सैन्यानं त्यांना घराबाहेर काढून शेकडो मैल पायी चालवत नेलं आणि चार वर्षं डांबून ठेवलं. १८६८ च्या करारानंतर ते आपल्या मुलखात परतले. त्यांच्यात कूळ आईचं. मूल आईच्या कुळात जन्मतं, लग्नानंतर पुरुष बहुधा बायकोच्या माहेराजवळ राहायला येई. मेंढ्याशेळ्यांची मालकी बाईची स्वतःची असे. त्याच मेंढीची लोकर कातायची, रंगवायची, मागावर घोंगड्या-गालिचे विणायचे आणि विकायचे. हे सगळं बाईच्या हातात होतं.

१९३३ पासून सरकारनं ठरवलं की जमिनीवर चराई फार झाली आहे, कळप कमी करा. जमिनीची धूप होत होती हे खरं. पण त्याबरोबर नव्या हूवर धरणात गाळ जाईल ही काळजीही होती. शेळ्यामेंढ्या स्वस्तात उचलल्या, कित्येक ठिकाणी गोळ्या घालून तिथेच टाकून दिल्या. कळप अर्ध्यावर आले. हा निर्णय ज्या जमात-कौन्सिलपुढे गेला, तिथे तेव्हा सगळे पुरुष बसत होते. ज्यांची जनावरं होती त्या बायकांना कोणी विचारलंच नाही! आणि ही कौन्सिल मुळात १९२३ साली उभी राहिली ती तेल कंपन्यांच्या भाडेपट्ट्यांवर सह्या करायला कोणीतरी हवं म्हणून.

मेंढ्या गेल्यावर मजुरी आली. पुरुष रेल्वेवर, खाणीत गेले. १९४४ ते १९८६ या काळात नवाहो भूमीतून युरेनियम काढलं गेलं. आत हवा खेळती नाही, धोक्याची कल्पना दिलेली नाही. पुरुष फुप्फुसाच्या कर्करोगानं मेले. त्यांच्या विधवा एकमेकींना भेटून हिशोब करू लागल्या: तुझा कधी गेला, माझा कधी गेला. त्या खटपटीतूनच पुढे १९९० साली भरपाईचा कायदा झाला. पाचशेहून जास्त सोडून दिलेल्या खाणी आजही तिथे आहेत.

याच मुलखात शिपरॉक नावाचं गाव आहे. १९६५ साली फेअरचाइल्ड ही चिप बनवणारी कंपनी तिथे आली. त्याआधी १९६३ साली तिनं हाँगकाँगमध्ये जुळणी सुरू केली होती. शिपरॉकला अमेरिकेतच स्वस्त मजूर मिळाले, वर प्रशिक्षणासाठी सरकारी पैसाही मिळाला. काही वर्षांत कामगारांची संख्या हजारावर गेली, त्यात बहुतेक सगळ्या नवाहो बाया. १९६९ साली नव्या इमारतीच्या उद्‌घाटनाला कंपनीनं पुस्तिका काढली आणि तीत नवाहो गालिच्याची नक्षी आणि चिपची नक्षी यांचं नातं जोडून दाखवलं. लिसा नाकामुरा या अभ्यासक बाईंनी २०१४ साली यावर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं, गालिचा विणणारी बाई चिपही सहज जोडेल असं दाखवलं, की तिचं काम हे श्रम न राहता तिची 'संस्कृती' होते. मला माझे साहेब आठवले.

आता मलेशियाकडे येऊ. या दोन मुलखांचा संबंध काय, असं तुम्हाला वाटेल. संबंध एकच: तेच सूक्ष्मदर्शक आणि त्याच तारा.

मलेशियाचा द्वीपकल्पातला भाग, म्हणजे तेव्हाचा मलाया, १९५७ साली इंग्रजांपासून स्वतंत्र झाला. तिथे मलय, चिनी आणि भारतीय राहतात. भारतीयांत मळ्यांवर नेलेले तमिळ मजूर बरेच. १९७० साली तिथल्या द्वीपकल्पातली जवळजवळ निम्मी कुटुंबं गरिबीत होती, सगळ्यांत जास्त मलय खेड्यांत. मे १९६९ मध्ये भीषण दंगली झाल्या. १९७१ साली सरकारनं नवं आर्थिक धोरण आणलं आणि त्याच वर्षी मुक्त व्यापार क्षेत्राचा कायदा केला. १९७२ साली पेनांग बेटावर बायान लेपासचं क्षेत्र सुरू झालं. इंटेल, हिताची, बॉश अशा कंपन्या आल्या. सरकारनं परदेशी कंपन्यांसाठी माहितीपत्रक छापलं, त्यात पौर्वात्य बाईचे हात लहान असतात, ती झपाट्यानं आणि काळजीपूर्वक काम करते, अशी भलामण होती. शिपरॉकची जाहिरात कंपनीनं केली होती, इथे सरकारनंच केली!

मलय बाईही मुळात रिकाम्या हातांची नव्हती. नेग्री सेंबिलान राज्यात जमीन आईकडून लेकीकडे जाते. इतरत्रही मुलीला जमिनीत वाटा मिळे, भातलावणी-कापणीत बायकांचं स्वतःचं काम होतं. पण जमिनीचे तुकडे होत गेले. पेनांगशेजारच्या केडा राज्यात कापणीची यंत्रं आली, तेव्हा बायकांची कापणीची मजुरी बुडाली. यंत्रं लावणाऱ्या शेतकऱ्यांच्या लावणीवर काही ठिकाणी त्यांनी बहिष्कार टाकून पाहिला, पण तो टिकला नाही. मग मुली कंपनीच्या बसमध्ये बसल्या.

या मुलींमध्ये राहून १९७९-८० साली आयवा ओंग या संशोधक बाईंनी अभ्यास केला आणि १९८७ साली पुस्तक लिहिलं. सेलांगोर राज्यातल्या, सोळा ते चोवीस वयाच्या, अविवाहित मुली. पाळ्या बदलत्या, लघवीला जायलाही परवानगी लागे. डोळे गेले की नोकरी गेली. वर गावानं नावं ठेवायची. 'मीना कारान', म्हणजे विजेची मीना, असं कुत्सितपणे म्हणायचे. पगार घरी द्यायचा आणि चारित्र्याचा हिशोबही द्यायचा.

आणि मग, मैत्रिणींनो, त्यांच्या अंगात येऊ लागलं. सूक्ष्मदर्शकात भूत दिसलं असं म्हणत मुली किंचाळायच्या, हातपाय झाडायच्या. सुंगाई वे इथल्या एका अमेरिकी कारखान्यात १९७८ साली सुमारे १२० जणींना एकदम असं झालं. कारखाना तीन दिवस बंद ठेवावा लागला, मांत्रिक बोलावून बकरा कापावा लागला. व्यवस्थापनानं याला 'हिस्टेरिया' म्हटलं. ज्यांना पुन्हा झालं त्यांना काढून टाकलं.

आपण अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या बाया. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. मग आठवलं, माझ्या आत्याच्या अंगात यायचं. एरवी तोंडातून शब्द न काढणारी आत्या त्या दिवशी सासूला अरेतुरे करायची, आणि सासू हात जोडून ऐकायची. ज्या बाईला बोलायला जागाच नाही, तिच्या अंगातलं कोणीतरी बोलतं. मलेशियात तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स कामगारांना राष्ट्रीय पातळीवर युनियन करायला सरकार परवानगी देत नव्हतं. १९८८ नंतर कंपनीपुरती, आणि २००९ नंतर विभागवार युनियन करता आली. म्हणून मी अंगात येण्याचं कौतुक करत नाही. बकरा कापून यंत्रं पुन्हा सुरू झाली, पाळी तीच राहिली, पगार तोच राहिला. पण युनियनचं दार बंद असलं की दुःख कुठून वाट काढतं, ते यात दिसतं.

मग या नोकऱ्या वाईटच का? असं मी म्हणणार नाही. मलय मुलींच्या हातात पैसा आला. काहींनी लग्न पुढे ढकललं, काहींनी नवरा स्वतः निवडला. शिपरॉकच्या बायांनाही आपल्या मुलखात राहून पगार मिळत होता. फेब्रुवारी १९७५ मध्ये कंपनीनं १४० जणांना कामावरून कमी केलं. अमेरिकन इंडियन मूव्हमेंटच्या सशस्त्र कार्यकर्त्यांनी कारखान्याचा ताबा घेतला आणि तो आठवडाभर ठेवला. मार्चमध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला. लोकांत दोन तट होते. काही म्हणाले, बरं झालं, शोषण थांबलं. पण उरलेल्या शेकडो बायांच्या चुली त्या पगारावर पेटत होत्या. आमच्याकडे गेटवर घोषणा देताना मला हे नेहमी आठवतं.

आता फरक पाहा. मलेशियाकडे स्वतःचं सरकार होतं. त्यानं कंपन्यांना सवलती दिल्या, पण रस्ते, शाळा, प्रशिक्षण संस्थाही उभ्या केल्या. पेनांगमध्ये पन्नास वर्षांत मजुरांच्या मुली इंजिनियर झाल्या. नवाहोंची जमीन मात्र अमेरिकी सरकारच्या विश्वस्तपणाखाली आहे. साधा भाडेपट्टा करायलाही बहुतेक वेळा वॉशिंग्टनचा शिक्का लागत आला. खनिज बाहेर गेलं, वीज बाहेर गेली. कारखाना गेला तेव्हा मागे काही उरलं नाही. आजही तिथल्या सुमारे तीनातल्या एका घरात नळ नाही. २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की १८६८ च्या करारानुसार नवाहोंना पाणी मिळवून द्यायला सरकार बांधील नाही. तेव्हा गरिबी ही कोणाच्या 'संस्कृती'त नसते. आपल्या जमिनीचा, पाण्याचा निर्णय कोण घेतं, त्यात ती असते.

पण मलेशियाची यशोगाथा सांगताना एक प्रश्न विचारायला हवा. आज त्या सूक्ष्मदर्शकावर कोण बसतं? नेपाळ, इंडोनेशिया, म्यानमार, व्हिएतनाममधून आणलेले स्त्री-पुरुष. एजंटाचं कर्ज डोक्यावर आणि कित्येकदा पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात. व्हेरिटे या संस्थेनं २०१४ साली मलेशियाच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांतल्या ५०१ कामगारांशी बोलून अहवाल दिला. त्यातल्या २८ टक्के कामगारांची स्थिती वेठबिगारीची होती. एक बाई पायरी चढली, ती पायरी मात्र तशीच राहिली. तिच्यावर दुसरीला उभं केलं.

आपल्याकडेही हीच वाट आहे. कांडलाचं निर्यात क्षेत्र १९६५ चं, शिपरॉकच्याच वर्षीचं. मुंबईचं सीप्झ १९७३ चं, बायान लेपासनंतर वर्षभरातलं. तेव्हा आपापल्या घरी आपण जिला 'नशीब' म्हणत होतो, ती एकाच वेळी जगभर आखली जात होती.

एक गोष्ट सांगून थांबते. मारिलू शुल्ट्झ या नवाहो विणकर आहेत, गणित शिकवणाऱ्या. १९९४ साली इंटेलनं त्यांच्याकडून पेंटियम चिपच्या नक्षीचा गालिचा विणून घेतला. त्या गालिच्यावर विणकर म्हणून त्यांचं नाव लागतं. त्यांच्या कामाला कौशल्य म्हणतात, कला म्हणतात. तीच बोटं, तीच नक्षी. पण शिपरॉकच्या ज्या हजार बायांनी खऱ्याखुऱ्या चिप जोडल्या, त्यांची नावं कोणत्या पुस्तिकेत आहेत?

म्हणून उद्या कोणी साहेब म्हणाले की बाईची बोटं नाजूक असतात, तर लाजू नका, खूषही होऊ नका. विचारा: मग या बोटांचा दर काय? हे शिकायला आम्हाला किती वर्षं लागली, ती कशात धरली? आणि उद्या तुम्ही कारखाना हलवलात तर आमच्या गावात काय ठेवून जाणार? हे तीन प्रश्न एकटीनं विचारले तर दुसऱ्या दिवशी गेट बंद होतं, ते मी भोगलं आहे. आम्ही चौघी गेलो होतो, चौघींनाही काढलं. चारशे गेलो असतो तर काय झालं असतं, हे आजही मनात येतं.

मी खूप बोलले. आता तुमच्यातल्या कोणाचे डोळे दुखतात, कोणाचा ओव्हरटाइम बुडवला आहे, ते सांगा. लिहून घ्यायला वही आणली आहे.