विनोदांतला हवालदार



गेल्या रविवारीं मनीषनगरांतील आमच्या घरीं नातवानें मला एक जुना व्यंगचित्रपट दाखविला. वॉल्ट डिस्ने ह्यांच्या संस्थेनें १९३९ सालीं काढलेला ‘ऑफिसर डक’. दिग्दर्शक क्लाइड जेरोनिमी. सारा खेळ आठएक मिनिटांचा. डोनाल्ड नांवाचें बदक पोलिसाचा गणवेश चढवून पीट नांवाच्या दांडगेश्वरास पकडावयास निघतें. सरळ मार्गानें डाळ शिजत नाहीं, तेव्हां हे शिपाईबुवा तान्ह्या बाळाचें सोंग घेऊन त्याच्या दाराशीं हजर होतात! नातू हसून हसून लोळला. मीहि हसलों.

ह्या बदकाचा आपल्याकडील भाऊबंद आपणां सर्वांस ठाऊक आहे. तमाशाच्या वगांत सोंगाड्यानें राजाची, प्रधानाची, कोतवालाची फिरकी घ्यावी ही आपली जुनी रीत. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ ह्या १९६५ सालच्या लोकनाट्यानें दादा कोंडके घरोघर पोंचले, आणि १९७५ सालीं त्यांनीं ‘पांडू हवालदार’ पडद्यावर आणला. ज्याच्या हातीं दंडुका त्याला घटकाभर हसतां येणें, हा सामान्य माणसाचा केवढा तरी विसांवा आहे.

परंतु त्या चित्रपटानंतर ‘पांडू’ हें विशेषनाम राहिलें नाहीं. मी शिक्षक झाल्यावर एकदां व्याकरणाच्या तासाला सामान्यनामाचें उदाहरण विचारलें. मागच्या बाकावरून एकानें पोलिस शिपायाच्या मुलाकडे बोट दाखवून ‘पांडू’ असें उत्तर दिलें. वर्ग हसला, आणि सांगावयास लाज वाटते, मीहि हसलों. तास सुटल्यावर तो मुलगा एवढेंच म्हणाला, “गुरुजी, बाबा विसर्जनाच्या बंदोबस्ताला दोन दिवस उभे होते. घरीं आले ते बूट न काढतांच झोंपले.” त्यानें तक्रार केली नाहीं, म्हणूनच तें बोलणें जिव्हारीं लागलें.

चित्रांतलें बदक कितीहि आपटलें तरी पिसें झाडून उठतें, कारण तें शाईचें आणि रंगाचें असतें. नोव्हेंबर २००८ मध्यें मुंबईवर हल्ला झाला त्या रात्रीं गिरगांव चौपाटीजवळ सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे हातांत काठी घेऊन उभे होते. त्यांनीं अजमल कसाबच्या बंदुकीची नळी घट्ट धरली आणि गोळ्या आपल्या देहावर घेतल्या. म्हणून तो जिवंत हातीं लागला. २००९ सालीं ओंबळे ह्यांस मरणोत्तर अशोकचक्र देण्यांत आलें. ज्या काठीला आपण नाटकांत, सिनेमांत हसतों, तीच ही काठी.

म्हणून हंसणें सोडावें काय? मुळींच नाहीं. गरिबावर गुरकावणारा, चिरीमिरीसाठीं हात पुढें करणारा अधिकार दिसला कीं खुशाल हसावें. त्यानें सत्ता ताळ्यावर राहते. मात्र हसण्यापूर्वीं एकदां वर्गाकडे नजर टाकावी. तिथें कोणाचें तरी मूल बसलेलें असतें.

त्या प्रसंगानंतर दुसऱ्याच दिवशीं मीं सर्वांदेखत त्या मुलाची क्षमा मागितली. ही हकीकत परवां नातवाला सांगितली. तो विचारांत पडला आणि म्हणाला, “आबा, मग बदक पाहायचें नाहीं कां?”

मीं म्हटलें, “पाहायचें तर! लाव पुन्हां.”