दुखण्यावरचे तेल आणि त्याची परीक्षा



दाढ ठणकली की लवंगेच्या तेलाचा बोळा आणि गुडघा धरला की निलगिरीचे तेल, हे आपल्या नांदेड-लातूरच्या घरांत दादी-नानीपासून चालत आले आहे. खानदेशात याच कामी रोशा गवताचे तेल चोळीत. हे तेल पूर्वी मुंबईहून तुर्कस्तानात जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. म्हणजे त्याची कीर्ती औषधापेक्षा भेसळीनेच अधिक पसरली!

तेल लावल्यावर बरे वाटते, हे खोटे नाही. प्रश्न असा की गुण तेलाचा, चोळण्याचा, की आईच्या हाताचा? कुवेतमधील दंतवैद्यांनी याचा छडा लावला. त्यांचा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. ७३ स्वयंसेवकांच्या तोंडात कधी लवंगेचा लेप, कधी बेन्झोकेन हे बधिरीकरणाचे औषध, तर कधी औषध नसलेला लेप लावून सुई टोचली. कोणता लेप कोणता, हे त्यांना सांगितले नव्हते. लवंग आणि बेन्झोकेन यांनी वेदना कमी झाली आणि त्या दोघांत फरक दिसला नाही. त्या बिनऔषधी लेपावाचून हा निष्कर्ष काढताच आला नसता. लवंगेतला गुणकारी घटक युजेनॉल.

प्रयोगशाळेत नैतिक समितीच्या परवानगीने उंदीर सुमारे ५५ अंश तापलेल्या पत्र्यावर ठेवतात आणि तो किती सेकंदांनी पंजा चाटतो ते मोजतात. उंदीर डॉक्टरांना खूश करण्यासाठी "बरे वाटले" म्हणत नाही. मात्र तो नुसता गुंगीत असेल तरी पंजा उशिरा चाटेल, म्हणून त्याची हालचाल निराळी तपासावी लागते.

पालकांना एक गोष्ट बजावून सांगतो. विंटरग्रीन तेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. त्याच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, ॲस्पिरिनच्या वीसहून अधिक गोळ्यांइतके सॅलिसिलेट असते. कापूर पोटात गेल्यास मुलाला झटके येतात. आणि छातीत दुखून डावा हात भरून आला, तर बाटली शोधू नका, थेट दवाखाना गाठा.

फार्मसीकडे वळणाऱ्या मुला-मुलींना येथे पुष्कळ काम आहे. रोशा तेलात मुख्यतः जिरॅनिऑल असते, पण जमीन, हंगाम आणि ऊर्ध्वपातन बदलले की प्रमाण बदलते. बाटलीवर 'शुद्ध' हा शब्द छापलेला असतोच. आधी गॅस क्रोमॅटोग्राफीवर तिचे घटक मोजावेत, मगच तिच्या गुणाची परीक्षा घ्यावी.