झोपेतला जमाखर्च
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा विषय शोधायची मला गरज पडली नाही. झोपेत चरबी जाळणाऱ्या चूर्णांच्या जाहिराती हल्ली आपल्या मारेगावातही घरोघरी पोचतात, आणि आपल्यातल्या कित्येकजणी मला विचारतात, "बाई, झोपेत चरबी खरंच जळते का हो?" जळते, भगिनींनो, आणि त्यासाठी कुणाला पैसा मोजावा लागत नाही. किती जळते, तेवढे आज घरखर्चाच्या वहीसारखे मांडून पाहू.

आपण निजलो म्हणजे शरीराची चूल विझली असे नव्हे. राखेखाली विस्तव असतो तसा तो रात्रभर जागा असतो. हृदय, फुफ्फुसे, यकृत, मेंदू यांना रजा नाही. श्वसन हे एक संथ ज्वलनच आहे, हे फ्रान्समधील लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. बर्फाच्या पेटीत एक गिनीपिग ठेवून किती बर्फ वितळला, यावरून त्यांनी प्राण्याची उष्णता मोजली.

आता आपला हिशोब. ३० ते ६० वर्षांच्या भारतीय स्त्रीसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी एक सूत्र दिले आहे. वजनाच्या किलोंना ८.३ ने गुणावे आणि त्यात ७८८ मिळवावे. स्वस्थ पडून राहिल्यास दिवसभरात लागणारे उष्मांक मिळतात. बाईचे वजन ५० किलो धरा. ४१५ अधिक ७८८, म्हणजे १२०३. चोवीस तासांनी भागले की तासाला सुमारे ५० उष्मांक. सात तासांच्या झोपेचे झाले ३५०. झोपेत खर्च थोडा उतरतो, म्हणून ३३० धरू.

हे सगळे चरबीतून येत नाहीत. मेंदूला साखर हवी असते, आणि ती यकृताच्या साठ्यातून मिळते. पण रात्रीच्या जेवणाला काही तास उलटले की रक्तातले इन्सुलिन उतरते, चरबीच्या पेशी आपली कोठारे उघडतात आणि स्नायू त्यावर चालतात. ढोबळ मानाने निम्म्याहून अधिक, समजा साठ टक्के, खर्च चरबीवर पडतो. म्हणजे सुमारे २०० उष्मांक. एक ग्रॅम चरबीचे ९ उष्मांक, तेव्हा रात्रीत २२ ग्रॅम चरबी जळाली. तेलाच्या भाषेत दीड मोठा चमचा! तीही घामावाटे फारशी जात नाही. जळालेल्या चरबीचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो, बाकीच्याचे पाणी होते.

सकाळी काट्यावर अर्धा किलो कमी दिसला तर हरखू नका, ते बहुतेक पाणीच. आणि २२ ग्रॅमही कायमचे गेले असे नाही. दिवसा खर्चापेक्षा जास्त खाल्ले की कोठार पुन्हा भरते. वही रोजची नव्हे, महिन्याची पाहायची असते.

मग कोणी म्हणेल, जागेपणी तर खर्च जास्त, तेव्हा झोप कमी करावी. इथेच खरा धोका आहे. शिकागोच्या संशोधकांनी २०१० साली दहा स्थूल माणसांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना सारखेच कमी अन्न दिले. चौदा दिवस साडेआठ तास अंथरुणात ठेवले, आणि दुसऱ्या खेपेला साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा जवळपास तीन किलोच उतरले. पण पुरेशा झोपेत चरबी १.४ किलो गेली, अपुऱ्या झोपेत अवघी ०.६, उरलेली तूट मुख्यतः अंगच्या मांसातून भरली गेली. माणसे दहाच, म्हणून हा शेवटचा शब्द नव्हे. पण इशारा मोठा आहे.

"मी तर काटकुळी, मला याचे काय?" असे कोणी म्हणू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली आपलीच मापे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण अंगात चरबी एकाच्या २१ टक्के, दुसऱ्याच्या ९. जास्त चरबीचे आपले याज्ञिक! बारीक दिसणाऱ्या अंगातही चरबी दडते आणि मांस कमी पडते.

आता आपल्याकडे पाहा. कापसाच्या वेचणीत पहाटे चारला उठून स्वयंपाक, दिवसभर रान, रात्री अकराला भांडी. पाच तासांची झोप आणि सगळ्यांच्या मागून उरलेली भाकर. अशा बाईचे वजन उतरले तर ती "सडपातळ झाली" म्हणून कौतुक करू नका. तिचे मांस झडत असेल, आणि तेच तर तिचे बळ.

म्हणून माझे मागणे चूर्णाचे नाही. ताटात भाकरीबरोबर वरण असू द्या, जवसाची चटणी असू द्या. आणि घरातल्या माणसांनी रात्रीची भांडी वाटून घ्यावीत, म्हणजे घरच्या बाईला दोन तास झोप जास्त मिळेल. पैसा न लागणारे एवढे औषध आपल्या मंडळाने घरोघर पोचवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.