पागोळीच्या पाण्याला वाट द्या



आज आपण छपरावरून पागोळ्यांनी खाली येणाऱ्या पाण्याविषयी बोलू.

दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत बातम्या येतात. रात्री मातीची भिंत कोसळली, झोपलेली माणसं तिच्याखाली सापडली. लोक म्हणतात, नशीब फिरलं. आम्ही म्हणतो, नशिबाला बोल लावण्याआधी भिंतीचा पाया पाहावा. पागोळी रोज एकाच जागी पडते. तिथं खळगा होतो. खळग्यातलं पाणी पायात मुरतं. शिंतोडे उडून भिंतीचा तळ भिजतो. भिजलेली माती मऊ होते, आणि वरचा भार तर तसाच असतो. मग एके रात्री भिंत बसते. विटांचं पक्कं घर असं चटकन पडत नाही. पण त्यालाही ओल चढते, गिलावा सुटतो, घरात कुबट वास येतो.

आता हे पाणी असतं तरी किती? हा हिशेब आम्ही शाळेत मुलांकडून करून घेत असू. तुम्हीही करा. दोन्ही बाजूंच्या वळचणी धरून जमिनीवर माप घ्या. समजा, लांबी २० फूट आणि रुंदी १५ फूट भरली. म्हणजे ३०० चौरस फूट झाले. त्यावर १ इंच पाऊस पडला. १२ इंचांचा १ फूट, म्हणून ३०० ला १२ ने भागा. २५ घनफूट पाणी आलं. १ घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावतं. म्हणजे ७०० लिटर झालं. १५ लिटरची घागर धरली, तर जवळजवळ ४७ घागरी! मोठी सर आली, की एवढं पाणी तासाभरातसुद्धा पडतं. कुणी आपल्या भिंतीच्या मुळाशी ४७ घागरी ओतू लागला, तर आपण त्याला ओतू देऊ का?

म्हणून वळचणीला पन्हळ लावावी. कोकणात पोफळीचं खोड चिरून, कोरून पन्हळ करतात. कुठं पत्र्याची असते, कुठं प्लॅस्टिकचा पाइप उभा चिरून लावतात. वस्तू कोणतीही चालेल, पण काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट उताराची. दर १० फुटांना १ इंच उतार पुरे. उतार नसला, तर पाणी पन्हळीतच साचतं आणि तिथं डास होतात. उतार नुसत्या डोळ्यांनी ठरवू नये. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी पाहतो, तशी पाहावी.

दुसरी गोष्ट आधाराची. दर दोन-अडीच फुटांवर पक्का आकडा हवा. पाण्यानं भरलेली पन्हळ जड होते आणि मधेच वाकते.

तिसरी गोष्ट काठाची. पन्हळीचा बाहेरचा काठ भिंतीकडच्या काठापेक्षा थोडा खाली ठेवावा. पन्हळ तुंबली, तरी पाणी बाहेर सांडेल, भिंतीवर येणार नाही.

माळवदाच्या घराला तर गच्चीची पन्हळ निदान हातभर पुढं काढावी. आखूड पन्हळीचं पाणी भिंतीवरूनच ओघळतं.

आता पाणी खाली आलं. काम इथं निम्मंच झालं, बरं का! नळीच्या तोंडाखाली सपाट दगड ठेवा, म्हणजे खळगा होणार नाही. जोत्याकडून बाहेर जमिनीला उतार द्या. पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार असावा. तिथून चर काढून पाणी परसात, झाडांकडे किंवा ओढ्याकडे न्या. मुरमाड जमीन असेल, तर घरापासून १० फुटांहून लांब शोषखड्डा करून त्यात दगडगोटे भरा. काळ्या जमिनीत मात्र घराजवळ पाणी मुरवू नका. ती माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, आणि घराला तडे जातात.

पाणी टाकीत साठवायचं असेल, तर पहिल्या पावसाचं सोडून द्या. त्यात छपरावरची धूळ आणि पाखरांची घाण असते. टाकीवर घट्ट झाकण ठेवा. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणून उघडी भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून कोरडी करावीत.

आणखी एक गोष्ट. आपल्या वळचणीचं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर जाता कामा नये. वीतभर बोळातल्या पाण्यावरून भाऊ भाऊ बोलेनासे होतात, कोर्टाची पायरी चढतात. वकिलाला द्यायच्या पैशांत दोन्ही घरांच्या पन्हळी होतील. दोघांनी मिळून बोळात एकच चर काढावा. पुढं रस्त्याच्या गटारात पाणी सोडायचं असेल, तर ग्रामपंचायतीला विचारावं.

ही कामं मृग लागण्याआधी उरका. पन्हळीतला पालापाचोळा काढा. मग शिडी लावून छपरावर दोन घागरी पाणी ओता. एकानं वर शिडीवर असावं, एकानं खाली शिडी धरावी आणि घरातल्या पोरांनी पाण्याची वाट पाहावी. ते कुठं थबकतं, कुठं गळतं, कुणाच्या दाराशी जातं, हे त्यांना लगेच दिसेल. जिथं चुकलं असेल, तिथं त्याच दिवशी दुरुस्त करा. पावसात शिडीवर चढण्याची पाळी आणू नका.