कुमारवयीन धूम्रपान आणि घराचे वातावरण



मुलाच्या दप्तरात सिगारेटचे पाकीट सापडले की घरात पहिली चौकशी होते ती त्याच्या मित्रांची. संगत बिघडली, असे निदान तत्काळ केले जाते. संगतीचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. परंतु या निदानातून घर स्वतःला मोठ्या सोयीस्करपणे वगळून घेते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ साली केलेल्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. सिगारेट सुरू करण्याचे सरासरी वय होते साडेअकरा वर्षे, तर विडीचे साडेदहा. धूरविरहित तंबाखूची सुरुवात त्याहूनही आधी, दहाव्या वर्षाच्या आतच होते. (आजीच्या मिशरीच्या डबीला कित्येक घरांत तंबाखू मानलेच जात नाही, हेही येथे नोंदवावयास हवे.) पाचवी-सहावीतल्या मुलाचे विश्व अद्याप मित्रांनी नव्हे, तर घरानेच व्यापलेले असते.

‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २०११ साली अशा ५८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. धूम्रपान नसलेल्या घरांशी तुलना करता, वडील ओढत असल्यास मूल त्या मार्गाला लागण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर १.६६ आले, आई ओढत असल्यास २.१९ आणि दोघेही ओढत असल्यास २.७३. भावंड ओढत असेल तर ते २.३० होते. म्हणजे एकट्या वडिलांपेक्षा भावंडाचा प्रभाव अधिक दिसला.

महाराष्ट्रातील कुटुंबपद्धती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे फारसे नवल वाटणार नाही. वडीलधाऱ्यांसमोर ओढावयाचे नाही, हा येथील जुना शिष्टाचार. वडिलांची चाहूल लागताच थोरला मुलगा हातातील सिगारेट विझवितो. धाकटा भाऊ समोर आला तर मात्र विझवीत नाही. ही मर्यादा केवळ वरच्या दिशेने पाळली जाते. परिणामी, ज्यांना व्यसन जडण्याचे वय उलटून गेले, त्यांच्यापासून ते लपविले जाते आणि ज्याला ते जडू शकते, त्याला ते रोज दिसते. सुट्टीत वसतिगृहातून आलेला चुलतभाऊ गच्चीवर धाकट्याला सोबत नेतो आणि “काकांना सांगू नकोस” असे बजावतो. त्या गुपितात सामील होणे हेच धाकट्याच्या दृष्टीने मोठे होणे असते. झुरका त्यानंतर येतो. शिवाय ज्याला सर्वांसमोर ओढता येते तो घराचा कर्ता, असा एक अलिखित दर्जाही या शिष्टाचाराने सिगारेटला बहाल केला आहे.

दुसरी गोष्ट याहून साधी. जेवण आटोपले की वडील मुलाला पानपट्टीवर पिटाळतात. २००३ च्या कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. तशा मजकुराचा फलक दुकानावर लावणेही बंधनकारक आहे. तरीही दुकानदार “बाबांसाठी ना?” एवढे विचारून पाकीट देतो. मुलाला ब्रँड, किंमत, सुटी सिगारेट कशी मागावी, हे सारे बाराव्या वर्षीच पाठ होते. पुढे एके दिवशी तोच मुलगा स्वतःसाठी एक मागतो, तेव्हा दुकानदाराच्या चेहऱ्यावर प्रश्न उमटत नाही.

अशा घरात उपदेशाचा उपयोग फार थोडा. वडिलांनी स्वतः सोडण्याचा उपयोग मात्र होतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात शाळकरी मुलांचा बारावीपर्यंत मागोवा घेण्यात आला, तेव्हा मूल तिसरीत जाण्यापूर्वी ज्यांच्या आई-वडिलांनी धूम्रपान सोडले होते, त्या मुलांत रोज ओढणाऱ्यांचे प्रमाण धूम्रपान चालूच ठेवणाऱ्या पालकांच्या मुलांपेक्षा कमी आढळले. सोडणे एकट्याच्या निश्चयाने साधत नसेल, तर शासनाची निःशुल्क दूरध्वनी सेवा २०१६ पासून उपलब्ध आहे. तिचा क्रमांक, १८००-११-२३५६, सप्टेंबर २०१८ पासून पाकिटावरच छापला जाऊ लागला. पानपट्टीवरून घरी येता येता मुलगा तो वाचत असतो.