पदवीचाही उत्पादन खर्च काढा

(पळसदेव, ता. इंदापूर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठक सुरू होण्याआधी एका भावाने आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "पोरीला बारावीनंतर पर्यावरणशास्त्र शिकायचे आहे. पुण्याला ठेवावे लागेल. पैसा घालू का? की पाण्यात जाईल?" प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. म्हणून आज त्याचेच उत्तर जाहीर द्यायचे ठरवले आहे.

आपण ज्वारीचा उत्पादन खर्च काढायला शिकलो, कापसाचा काढायला शिकलो. पण पोराच्या पदवीचा उत्पादन खर्च कोणी काढला आहे? बारावी झाली की कोणीतरी सांगतो, अमुक शाखेला मागणी आहे. मग सोने गहाण पडते, बैल विकला जातो. पेरणीच्या वेळी बियाण्याची पिशवी दहादा उलटून पाहणारे आपण पदवी घेताना मात्र न बघता पैसे मोजतो.

चला, हिशोब मांडू. पदवीची तीन वर्षे आणि एम.एस्सी.ची दोन, अशी पाच वर्षे. पुण्यात खोली, खानावळ, गाडीभाडे मिळून महिन्याला नऊ हजार धरा. वर्षाचे दहा महिने धरले तर पाच वर्षांचे साडेचार लाख होतात. फी, पुस्तके, परीक्षा यांचे दीड लाख धरा. विनाअनुदानित तुकडी असेल तर एवढ्यात भागणार नाही. एकूण झाले सहा लाख.

आता हे आपल्या मापाने मोजू. २०२५-२६ च्या हंगामाला मालदांडी ज्वारीचा हमीभाव ३,७४९ रुपये. म्हणजे सहा लाखांना १६० क्विंटल ज्वारी लागते. कोरडवाहू रानात एकरी चार क्विंटल धरली तर ४० एकरांचे पीक झाले. पाच एकरवाल्याची आठ वर्षांची सगळी ज्वारी! घरात एक दाणा न ठेवता, खर्च वजा न करता, आणि हमीभाव मिळाला तर. कापूसवाल्यांनी मध्यम धाग्याच्या ७,७१० रुपये भावाने मोजावे. ७८ क्विंटल होतो. आणि पाच वर्षे घरातले दोन हात रानात नाहीत, त्यांची मजुरी आम्ही धरलेलीच नाही.

पीक हाती आल्यावर भाव काय? पहिली नोकरी १८ हजारांची धरा. शहरात राहायला बारा हजार गेले तर सहा उरले. वर्षाचे ७२ हजार. सहा लाख फिटायला आठ वर्षे आणि वर चार महिने, तेही बिनव्याजी.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग नकोच ते शिक्षण. थांबा. भाव कुठे मिळतो हे न पाहता बाजारात गेले तर कुठलाही माल पडूनच विकावा लागतो. या पदवीचा बाजार कुठे आहे ते आधी समजून घ्या.

पहिला बाजार कायद्याने तयार केलेला आहे. १९९४ साली केंद्र सरकारने मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा अहवाल सक्तीचा केला. २००६ साली नवी अधिसूचना आली. कारखान्यांना दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण मंडळाकडे पर्यावरण विवरण द्यावे लागते. साखर कारखाना असो, डिस्टिलरी असो, औद्योगिक वसाहतीतला रसायनाचा कारखाना असो, पाणी तपासायला आणि कागद भरायला माणूस लागतो. बहुतेक नोकऱ्या इथल्या आहेत. यात पक्ष्यांचे आणि झाडांचे काम थोडे, सांडपाण्याचे आणि रसायनाचे जास्त. ज्याला रसायनशास्त्र येते त्याला इथे आधी घेतात.

दुसरा बाजार संशोधनाचा. एम.एस्सी.नंतर 'नेट'ची परीक्षा देऊन कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार मिळतात, घरभाडे वेगळे. म्हणजे महिन्याला जवळपास दहा क्विंटल ज्वारी! त्यातले २२ हजार वाचले तर सहा लाख सव्वादोन वर्षांत निघतात. पण ही वृत्ती थोड्यांनाच मिळते, आणि पीएच.डी. करणार असाल तरच तिचा उपयोग.

तिसरा बाजार सरकारी. इथे एक खोच आहे, ती नीट ऐका. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला कोणते विषय चालतात याची यादी आहे. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भूगर्भशास्त्र, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, पशुवैद्यक. नाहीतर शेती, वनशास्त्र किंवा इंजिनिअरिंगची पदवी. त्या यादीत पर्यावरणशास्त्र नाही! जंगलाच्या नोकरीसाठी पर्यावरण शिकलेले पोर दारातच अडते. म्हणून आमचा सल्ला असा: बी.एस्सी. वनस्पतिशास्त्रात, प्राणिशास्त्रात किंवा रसायनात करा आणि पर्यावरण एम.एस्सी.ला घ्या. खर्च तोच, पण दारे जास्त उघडी राहतात.

आता आपल्या गावाकडे बघा. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि जुने पळसदेव पाण्याखाली गेले. पळसनाथाचे देऊळ आजही पाण्यात आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण तळाला गेले तेव्हा ते पुन्हा उघडे पडले होते. गाव बुडताना जमिनीचा पंचनामा झाला. नदीतले मासे, काठची गवते, गाळपेर यांचा हिशोब मांडायची सक्ती त्या काळी नव्हती. त्या शास्त्राचा माणूस तेव्हा आपल्या बाजूला असता, तर निदान काय गेले ते कागदावर राहिले असते.

त्याच पाण्यावर भिगवणजवळ कुंभारगावला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. ते बघायला शहरातली माणसे येतात, आणि गावचे मच्छीमार त्यांना होडीतून नेतात, घरी जेवू घालतात. पाणी किती उतरले की कुठला गाळ उघडा पडतो आणि पक्षी कुठे चरायला बसतात, हे त्या नावाड्याला बिनचूक ठाऊक असते. त्याच्याकडे पदवी नाही, पण विद्या तीच आहे. त्याला दाम मिळाला, कारण गिऱ्हाईक दारात आले. आपल्याच तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर २०२४ पासून वनखात्याने गवताळ रानाची सफारी सुरू केली आहे. ज्या माळाला आपण पडीक म्हणतो, तिथले लांडगे आणि चिंकारा बघायला लोक पैसे मोजतात.

आणि ही विद्या नसली की काय होते तेही आपण भोगले आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने राज्यातला कापूस खाल्ला. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधे बियाणे मिळायचे. ते बांधाच्या कडेने लावायचे होते. त्यावर साधी अळी जगावी, तिच्या पतंगाचा विष पचवणाऱ्या पतंगाशी संकर व्हावा आणि अळीची ताकद वाढू नये, असा त्यामागचा हेतू होता. आपल्यातल्या बहुतेकांनी ती पुडी फेकून दिली आणि फरदड ठेवली. पुडी कशासाठी आहे हे आपल्या बोलीत सांगणारे माणूस गावात नव्हते. ते एक माणूस किती क्विंटलांचे होते, याचा हिशोब तुम्हीच करा.

म्हणून आमचे म्हणणे दोन बाजूंचे आहे.

आईबापांना सांगणे असे: प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयात जाऊन विचारा, मागच्या तीन वर्षांची मुले आज कुठे आहेत? सांगत नसतील तर पुढे चला. पोराने पदवीबरोबर पाणी-माती तपासणे, संगणकावर नकाशे करणे, असे हाताचे एक तरी काम शिकावे. जमीन विकू नका. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागायचे नाही असा नियम आहे; सातबारा मागितला तर तो नियम दाखवा.

आणि सरकारला सांगणे असे: २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि नोंदवही ठेवायला सांगितले आहे. उद्या आपापल्या ग्रामपंचायतीत जा आणि ती वही मागा. तिच्यात आपले मासे, आपली गवते, आपली ज्वारीची वाणे आहेत का ते वाचा. ही वही लिहायला आणि उजनीचे पाणी तपासायला गावचेच शिकलेले पोर पगारावर नेमा, अशी आमची मागणी आहे. पुण्या-पिंपरीचे सांडपाणी आपल्या धरणात येते. ते मोजण्याचे काम आपल्या मुलांना का मिळू नये?

त्या भावाला आमचे उत्तर: पोरीला पाठवा. पण आज रात्री तिला समोर बसवून हा हिशोब दोघांनी मिळून कागदावर मांडा. विषय कोणता, खर्च किती, माल कुठे विकायचा, हे तिलाही कळू द्या. ज्वारीला भाव मागायला आपल्याला फार उशीर झाला. पोरांच्या विद्येचा भाव मागायला तेवढा उशीर करू नका.