मजल आणि कोस : संथ धावणाऱ्याचे माप

धावण्याचा सराव मोजण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत अंतर आधी ठरते आणि ते पुरे होण्यास लागेल तेवढा वेळ लागू दिला जातो. दुसरीत वेळ आधी ठरतो आणि त्या वेळात जेवढे अंतर पायांखालून जाईल तेवढे पुरेसे मानले जाते. मराठीत या दोन मापांसाठी जुने शब्द आहेत. कोस हे जमिनीचे माप, ढोबळमानाने दोन मैलांचे, आणि चालणारा म्हातारा असो की घोडेस्वार, कोसाची लांबी बदलत नाही. मजल हे मात्र दिवसाचे माप होय. माणसे, जनावरे, ओझी, वाट आणि ऋतू यांना सोसेल अशा चालीने एका दिवसात जेवढे जाता येई तेवढी एक मजल, त्यामुळे लष्कराची मजल आणि वऱ्हाडाच्या बैलगाड्यांची मजल सारखी नसे, आणि ती सारखी असावी अशी कुणाची अपेक्षाही नसे. नव्याने धावू लागलेल्या आणि स्वभावतः संथ असलेल्या व्यक्तीने आरंभीचे कित्येक महिने कोसाने नव्हे तर मजलेने, म्हणजे किलोमीटरने नव्हे तर मिनिटांनी, आपला सराव मोजावा, हे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शीत हा प्रश्न हौसेचा नाही. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात पोलीस शिपाई आणि वनरक्षक या दोन पदांचे जे महत्त्व आहे ते पुण्या-मुंबईच्या धावपटूंना सहजी कळणार नाही, कारण येथे पहाटे रस्त्यावर उतरणारी मुले-मुली वजन उतरवण्यासाठी धावत नसून घरातील पहिल्या पगारासाठी धावत असतात. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत, जिला उमेदवार नुसते 'ग्राउंड' म्हणतात, ५० गुण असतात. त्यांपैकी २० गुण पुरुषांसाठी १६०० मीटर व महिलांसाठी ८०० मीटर धावण्याचे, आणि उरलेले १०० मीटर धाव व गोळाफेक यांचे प्रत्येकी १५ असतात. राज्य राखीव पोलीस दलासाठी धाव ५ किलोमीटरची आहे, तर वनरक्षक पदासाठी पुरुषांना ५ आणि महिलांना ३ किलोमीटर धावावे लागते. सोळाशेत पूर्ण गुण हवे असतील तर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत शेवटची रेषा ओलांडावी लागते, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरहून थोडा अधिक वेग राखावा लागतो.

परीक्षेचे माप अंतराचे असल्यामुळे सरावाचे मापही अंतराचेच असले पाहिजे, असा समज यातून आपोआप रुजतो, आणि पहिल्याच दिवशी मुलगा सोळाशे मीटर मारून 'टायमिंग काढतो'. टायमिंग बसत नाही. दुसऱ्या दिवशी तो तेच अंतर अधिक जोराने धावतो, आठवडाभरात त्याच्या पोटऱ्या भरून येतात, तीन आठवड्यांत नडगी दुखू लागते, आणि महिन्याच्या अखेरीस आपल्याला धावणे जमणारच नाही असा निर्णय देऊन तो घरी बसतो. हा निर्णय चुकीचा आहे. चूक त्याच्या पायांची नसून मापाची आहे, आणि ती कशी, हे एका साध्या हिशोबाने दाखवता येते.

एक तयार धावपटू किलोमीटरला ४ मिनिटे या गतीने धावतो आणि एक नवशिका किलोमीटरला ८ मिनिटे घेतो असे धरावे. पहिल्याची पावले मिनिटाला १८० पडतात आणि दुसऱ्याची १६०, असेही धरावे. दोघांनाही ५ किलोमीटर धावण्यास सांगितले, तर तयार धावपटू २० मिनिटांत ३,६०० पावलांत मोकळा होतो, आणि नवशिक्याला ४० मिनिटे लागून त्याची ६,४०० पावले पडतात. धावताना प्रत्येक पाऊल टेकते तेव्हा शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार क्षणभर एकाच पायावर येतो. संथ धावण्यात तो थोडा कमी असला तरी चालण्यापेक्षा पुष्कळच जास्त असतो. म्हणजे ज्याची हाडे या कामाला सर्वांत कमी सरावलेली आहेत त्यालाच समान अंतराच्या नावाखाली पावणेदोन पटींहून अधिक आघात सोसण्यास लावले जाते. आता दोघांनाही २० मिनिटे धावण्यास सांगावे. तयार धावपटूची पावले तेवढीच, ३,६००, आणि नवशिक्याची ३,२००. पहिला ५ किलोमीटर जातो, दुसरा अडीच, पण दोघांच्या शरीरांनी केलेले काम जवळपास सारख्या मोलाचे ठरते. अंतराने मोजलेली समानता ही अशी आतून विषम असते.

शरीराच्या बाजूनेही हेच दिसते. सराव सुरू केल्यावर हृदय, रक्तवाहिन्या आणि स्नायूंच्या पेशींतील ऊर्जा निर्माण करणारे घटक यांत काही आठवड्यांतच सुधारणा होते. स्नायू हाडाला बांधणारे कंडर, म्हणजे स्नायुबंधाची चिवट दोरी, आणि स्वतः हाड यांना मात्र महिने लागतात. दम वाढला म्हणून पाय वाढले असे होत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात श्वास मोकळा वाटू लागतो, उत्साह येतो, आणि नेमक्या त्याच काळात नडगीचे हाड सर्वांत नाजूक अवस्थेत असते, कारण भाराला उत्तर म्हणून हाडाची जुनी घडण आधी थोडी विरते आणि नवी नंतर बसते. स्नायूला किंवा हृदयाला किलोमीटर कळत नाही; त्यांना किती जोर लावावा लागला आणि तो किती वेळ लावावा लागला, एवढ्या दोनच गोष्टी कळतात. त्यांपैकी जोर तपासण्याचे सर्वांत सोपे साधन बोलणे हे आहे: शेजारी धावणाऱ्याशी एक पूर्ण वाक्य न तोडता बोलता आले तर गती योग्य, शब्दागणिक धाप लागली तर ती अधिक. वेळ तपासण्यास मनगटावरचे साधे घड्याळ पुरते.

चामोर्शीपुरता आणखी एक मुद्दा आहे, आणि तो शरीरशास्त्रापेक्षाही तातडीचा आहे. अंतर मोजायचे तर ते कोठेतरी आखलेले असावे लागते. चारशे मीटरची आखीव धावपट्टी गावोगावी नाही; आखलेले अंतर हाताशी असते ते महामार्गाच्या कडेला, पिवळ्या डोक्याच्या किलोमीटर-दगडांवर. म्हणून पाच किलोमीटर पुरे करण्याच्या ओढीने मुले अंधारात गडचिरोलीच्या किंवा आष्टीच्या दिशेने डांबरी रस्ता धरतात, आणि ज्या रस्त्यांवर लोहखनिजाचे अवजड ट्रक चालतात तेथे पांढऱ्या पट्टीच्या काठावरून धावतात. मिनिटांनी मोजणाऱ्याला दगडाची गरज नसते. त्याला शाळेचे पटांगण चालते, गावाबाहेरचा कच्चा पांदण रस्ता चालतो, धान कापून झाल्यावर मोकळ्या पडलेल्या बांध्यांच्या कडेची वाट चालते. आणि मऊ मातीवर, वळणावळणाने, चढउताराने त्याची गती कमी झाली तरी त्याच्या हिशोबात काही बिघडत नाही. ज्या मापामुळे मुलीला पहाटे पाच वाजता महामार्गावर जावे लागत नाही ते माप केवळ एवढ्या एका कारणानेही श्रेष्ठ मानण्यास हरकत नाही.

ऋतूचेही तसेच आहे. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीच्या टापूत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि त्या दिवसांत पहाटही थंड नसते. उष्म्यात शरीराला रक्ताचा काही भाग त्वचेकडे वळवून आतली उष्णता बाहेर टाकावी लागते, त्यामुळे जानेवारीत सहज पार पडलेले अंतर मे महिन्यात त्याच गतीने कापताना हृदयाला बराच अधिक खटाटोप करावा लागतो. अंतराच्या मापात याला 'टायमिंग घसरले' असे म्हणतात आणि मूल हिरमुसते. वेळेच्या मापात त्या दिवशी मजल थोडी आखूड पडली, एवढेच घडते.

हा विचार धावण्याच्या इतिहासातही सापडतो. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड, ज्यांच्या शिष्यांनी, पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी, १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदके मिळवली, ते आपल्या निष्णात धावपटूंना आठवड्याला शंभर मैल धावायला लावीत. पण त्याच लिडियार्डनी ऑकलंडमध्ये प्रौढ माणसांना, त्यांत हृदयविकारातून उठलेलेही होते, बोलता येईल इतक्या संथ गतीने धावायला शिकवले. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बोवरमन तेथे गेले आणि या मंडळींबरोबर धावताना मागे पडले, तेव्हा सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ त्यांच्या सोबतीला मागे राहून गप्पा मारीत धावत राहिले. जगातील उत्तम धावपटू घडवणाऱ्या माणसाला संथ धावणे म्हणजे काय हे त्या दिवशी कळले, आणि १९६७ मध्ये त्यांनी एका हृदयरोगतज्ज्ञासह त्या विषयावर पुस्तक लिहिले. पुढच्याच वर्षी अमेरिकी वायुदलाचे डॉक्टर केनेथ कूपर यांनी जी चाचणी प्रसिद्ध केली तिच्यात तर अंतर हे उत्तर होते आणि वेळ हा प्रश्न: बारा मिनिटांत किती अंतर जाता येते यावरून शरीर प्राणवायू किती वापरू शकते याचा अंदाज.

कूपर यांची बारा मिनिटे ही नेमकी अर्धी घटिका होय. दिवसाच्या साठ भागांपैकी एक भाग, म्हणजे २४ मिनिटे, ही घटिका. तळाशी छिद्र असलेले वाटीएवढे घटिकापात्र घंगाळातील पाण्यावर सोडले की ते भरून बुडेपर्यंतचा हा अवधी. नवशिक्याच्या एका दिवसाच्या सरावासाठी याहून चांगले माप सुचणे कठीण आहे. पहिल्या पंधरवड्यात त्या २४ मिनिटांत एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे अशी आठ आवर्तने, आठवड्यातून तीन-चार दिवस, मध्ये विसाव्याचा दिवस ठेवून. पुढे धावण्याचा वाटा हळूहळू वाढवीत आणि चालण्याचा कमी करीत दोन-अडीच महिन्यांत सलग घटिकाभर धावणे, आणि त्यानंतरच घटिकेची दीड घटिका करणे. चालणे ही यात हार नव्हे. तो मात्रेचाच भाग आहे. महिन्यातून एकदा अर्ध्या घटिकेची चाचणी घ्यावी, आणि बारा मिनिटे संपली तेथे पटांगणावर चुन्याची फक्की टाकून खूण करावी.

याविरुद्ध एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. परीक्षक मिनिटे देत नाही, मीटर देतो. केवळ सुखाने अर्धा तास धावत राहिलेला उमेदवार पाच मिनिटे दहा सेकंदांत सोळाशे मीटर कधीच जाणार नाही, आणि वेळेच्या मापात रेंगाळण्याला वाव आहे हेही मान्य केले पाहिजे. म्हणून कोसाची जागा आहे, पण ती नंतरची आहे: सलग तीस-पस्तीस मिनिटे दम न तुटता धावता येऊ लागल्यावर, चाचणीच्या आधीचे आठ-दहा आठवडे, आठवड्यातून एक-दोन दिवस, ४०० मीटरच्या तुकड्यांनी आणि मध्ये पुरेसा विसावा घेऊन. अडचण अशी की जाहिरात निघाल्याशिवाय बहुतेकांचा सराव सुरू होत नाही, आणि जाहिरात निघाल्यावर पाया घालण्याएवढे महिने हातात राहतातच असे नाही. मग जो तो थेट अंतराला भिडतो. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडमधील उत्पादन शुल्क शिपाई भरतीत पुरुष उमेदवारांना ६० मिनिटांत १० किलोमीटर धावायचे होते, आणि त्या चाचणीदरम्यान दहाहून अधिक तरुण दगावले. त्या मृत्यूंमागे उन्हासह अनेक कारणे सांगितली गेली आणि ती सर्व एका सूत्रात ओवता येणार नाहीत. परंतु ठरलेले अंतर समोर असले की शरीर 'थांब' म्हणत असतानाही माणूस थांबत नाही, हे त्यात दिसले, आणि ज्या घरांतून ती मुले गेली ती घरे येथल्या घरांहून निराळी नव्हती.

वनरक्षक भरतीतील चालण्याची चाचणी या दृष्टीने अधिक शहाणी आहे. पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर आणि महिलांना चार तासांत १६ किलोमीटर चालायचे असते. येथे वेळ व अंतर दोन्ही ठरलेले असले तरी चार तासांचा अवधी एवढा मोठा आहे की घाईने तो जिंकता येत नाही, सवयीनेच येतो. नियतक्षेत्रात, म्हणजे एका वनरक्षकाकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्यात, रोजची गस्त तरी दुसऱ्या कशाने होते? महाशिवरात्रीला वैनगंगेकाठच्या मार्कंडादेवला पायी जाणाऱ्या घरांतल्या मुलींना ही सवय आधीपासूनच असते. तिला तयारी म्हणून मोजण्याचे मात्र कुणाच्या मनात येत नाही.

राहिला गटाने धावण्याचा प्रश्न. अंतर ठरवून निघालेल्या गटात वेगवान मुले पुढे निघून जातात आणि सर्वांत संथ मुलगी अंधारात एकटी मागे उरते. तिच्या घरचे तिला दुसऱ्या दिवशी पाठवीत नाहीत, आणि त्यांचे चुकत नाही. तोच गट वेळ ठरवून निघाला तर एका शिट्टीने हे बदलते. सर्वांनी पांदण रस्त्याने एकाच दिशेला निघायचे, बाराव्या मिनिटाला शिट्टी वाजली की जो जेथे असेल त्याने तेथूनच मागे वळायचे. सर्वांत पुढे गेलेला मुलगा आता सर्वांत मागे असतो आणि त्याला सर्वांत लांबचे अंतर परतायचे असते. सर्वांत संथ मुलगी आता सर्वांच्या पुढे, तिच्या पाठीशी पूर्ण गट. जो तो आपल्याच गतीने जसजसा परत येतो, तसतशी मागची पावले जवळ येत जातात, आणि चोविसाव्या मिनिटाच्या सुमारास, थोडेफार पुढेमागे, शाळेच्या फाटकाशी सगळे एकदमच पोहोचतात.